खड्ड्याला पाजलेली मळी

२ डिसेंबर १९६३, सोमवार. शेण कालवायचं होतं. पाच पाट्या शेण, तेवढंच पाणी, हाताने गुठळ्या फोडायच्या, काडीकचरा वेचून बाजूला टाकायचा आणि तो काला गॅसच्या खड्ड्यात सोडायचा. रोजचंच काम. तारीख लक्षात राहिली ती त्या दिवशी आमचं गुऱ्हाळ सुरू झालं म्हणून, आणि पुढे जे झालं ते माझ्या हातून झालं म्हणून.

आमचा मळा खुटबावच्या शिवारात, कालव्याच्या पाण्यावर. घरात मोठी माणसं तीन. मी, आमचे हे आणि माझी थोरली जाऊ. तिला आम्ही दोघंही अक्का म्हणायचो. थोरले दीर माझ्या लग्नाआधीच वारले होते. अक्कांना मूलबाळ नव्हतं. माहेर इनामगावला, घोडनदीच्या काठी. भाऊ चांगला होता, पण भावजयीच्या हाताखाली राहायचं म्हणजे काय, हे अक्कांना चार महिन्यांच्या एका मुक्कामात कळलं होतं. त्यानंतर त्या सणालासुद्धा तिकडे रात्र काढत नसत.

एकदा जोंधळे पाखडता पाखडता त्या मला म्हणाल्या होत्या, "मी या घरात भाकरीवर हाय. भाकरी थापायची कवा थांबली, की मंग मला इथं काम न्हाई."

"काहीतरीच काय बोलता अक्का," मी म्हणाले. त्यापलीकडे काही म्हणाले नाही. म्हणायला पाहिजे होतं. पण जमीन यांच्या नावावर, चाव्या माझ्या कमरेला, आणि त्या बोलल्या त्यात खोटं काही नव्हतं.

भाकरी मात्र त्यांच्यासारखी गावात कोणाची नव्हती. पीठ मळताना त्या काठवटीकडे बघतही नसत. आणि याच भाकरीने त्यांची छाती खाल्ली. पंचवीस वर्षं त्या धुरात बसल्या. खोकला आधी हिवाळ्यात यायचा, मग बारमाही झाला. दौंडच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि सांगितलं, "आधी धूर तोडा. औषधाचं मग बघू."

धूर तोडायचा कसा? चूल बाहेर मांडली तर वारा. आमच्या यांनी पुण्याच्या शेतकी प्रदर्शनात गोबर गॅस पाहिला होता. विहिरीसारखा विटांचा गोल खड्डा, त्यात शेणाची रबडी, वर पालथी घातलेली लोखंडी टाकी. आत गॅस झाला की टाकी वर उचलते, नळीने गॅस स्वयंपाकघरात येतो. त्या उन्हाळ्यात आम्ही तो बांधला.

गावाने हसून घेतलं. पाणवठ्यावर एक म्हातारी म्हणाली, "आता शेणाच्या वाफंवर भाकऱ्या! देवाला निवद तरी कसा दाखवायचा गं?"

"तुमच्या चुलीत गोवऱ्याच जळतात ना मावशी? का चंदन लावता?" मी म्हणाले.

माझं माहेर दौंडचं, वडील रेल्वेत. मी सातवी पास. मला उत्तर देता यायचं आणि त्याची मला घमेंडही होती. खड्ड्याची सगळी व्यवस्था माझ्याकडे आली ती त्यामुळेच.

श्रावणात ज्योत लागली. निळी, जरा सूं आवाज करणारी. अक्का शेगडीपुढे बसल्या आणि डोळे पुसायला पदर उचलला. मग लक्षात आलं की पुसायला काही नाही. नवरात्रापर्यंत खोकला निम्मा झाला. दिवाळीत त्या विहिरीवरून हंडा घेऊन मध्ये न टेकता आल्या. मी पाहिलं. बोलले नाही, दृष्ट लागते असं त्यांना वाटायचं.

मग गुऱ्हाळ आलं.

गुऱ्हाळावर बारा माणसं. ज्याचं गुऱ्हाळ त्याच्या घरच्या भाकऱ्या, दोन्ही वेळेला, हा रिवाज. उसाचा रस शिजवून गूळ करणारा गुळव्या कऱ्हाडकडचा. सगळे त्याला मामा म्हणत. मामा एकटाच चार भाकऱ्या खायचा. आमच्या गॅसवर घरचा स्वयंपाक निघे, वर पाहुणा आला तर तोही. बारा जणांच्या भाकऱ्या कुठून निघणार? निम्म्या झाल्या की ज्योत विझायची. उरलेल्या अक्का मुकाट्याने चुलीवर करायच्या. दुसऱ्या दिवशीच खोकला परत आला.

मी विचार केला. विचार असा की, म्हैस दूध कमी देते तेव्हा आपण काय करतो? आंबोण वाढवतो. पेंड, भरडा, गूळ. खड्डाही एक पोटच. त्याला नुसतं शेण घालून कसं भागेल? काहिलीत रस उकळताना वर जो मळकट फेस येतो ती मळी. मामा ती झाऱ्याने काढून बाजूच्या डब्यात टाकत होता. ती गोड असते, जनावरं तिच्यासाठी दावं तोडतात. मी एक बादली मळी आणली आणि काल्याबरोबर खड्ड्यात सोडली.

संध्याकाळी टाकी वीतभर जास्त वर आली होती.

मला इतका आनंद झाला की मी यांना शेतातून बोलावून आणलं. हे टाकीवर थाप मारून म्हणाले, "आयला, बाई शानी हाय आमची."

दुसऱ्या दिवशी दोन बादल्या. मग तीन. काहील धुतलेलं पाणीही मी वाया जाऊ दिलं नाही. टाकी खड्ड्याच्या काठावर इतकी उंच आली की आत बुडबुडे फुटताना बाहेर ऐकू यायचे. येणाऱ्या जाणाऱ्याला मी ती दाखवत होते.

आठव्या का नवव्या दिवशी ज्योत शेगडीवरून उचलायला लागली. खाली काळं, वर हवेत फडफड, आणि विझली. काडी लावली, विझली. टाकी भरलेली, आणि गॅस पेटत नाही. काड्यांची अर्धी पेटी संपली. मला वाटलं नळीत पाणी साचलं. नळी सोडून झटकली. तरी तेच. शेगडीची भोकं सुईने साफ केली. तेच.

अक्का खड्ड्याजवळ गेल्या, वाकल्या, वास घेतला. "आंबूस येतंय गं," त्या म्हणाल्या. "शेनाचा वास न्हाई ह्यो. त्येचं पोट फुगलंय."

"खड्ड्याचं पोट कसं फुगेल अक्का?"

"मळीवर बैल सुटला की कसा फुगतो? ढमाढम वाजतो, आन् आत सगळं आंबलेलं. तू त्याला मळी पाजली. आता त्याला उपाशी ठेव. चुन्याची निवळी पाज. आन् दुसऱ्या धडधाकट बैलाच्या तोंडातली रवंथ काढून त्येच्या तोंडात घालत्यात, तसं कायतरी कर. माझा बाप करायचा."

मी हसले. मोठ्याने नाही, पण त्यांना दिसेल इतकं. "अक्का, हे यंत्र आहे. बैल नाही."

त्या मागे फिरल्या. चुलीपुढे जाऊन बसल्या, चिपाडं आत सारली आणि फुंकणी उचलली.

आंबोण घालताना तो खड्डा मला म्हैस वाटला, आणि औषधाची वेळ आली तेव्हा यंत्र. यात शहाणपण कुठे होतं, हे मी पुढे पुष्कळदा स्वतःला विचारलं.

मी पुढचे पंधरा दिवस जे करू नये ते सगळं केलं. टाकीला भोक पडलं असेल म्हणून माणसं लावून ती उचलून काढली, राखेने घासून पाहिली, परत बसवली. भोक नव्हतं. जोर यावा म्हणून आणखी मळी घातली. थंडीने गारठला असेल म्हणून भोवती पाचट रचलं. एवढी एक गोष्ट बरोबर होती. टाकी हळूहळू खाली बसत गेली. बुडबुडे थांबले. आता न पेटणारा गॅससुद्धा होईना. बाहेर पडणारी रबडी पिवळट आली आणि तिचा वास ताकाचं भांडं आठ दिवस विसरल्यासारखा.

यांनी पुण्याला कार्ड टाकलं, गॅसचे साहेब पाठवा म्हणून.

आणि रोज दोन वेळा बारा माणसांच्या भाकऱ्या चुलीवर होत होत्या. मी म्हणायचे, "अक्का, उठा, मी करते." त्या म्हणायच्या, "तुजी भाकरी मामाला चालत न्हाई." ते खरं होतं. मामाने एकदा माझी भाकरी हातात घेऊन उन्हाकडे धरली होती. "वयनी, हिच्यातनं सूर्य दिसतोय एकीकडं, आन् दुसरीकडं रात हाय," असं म्हणून सगळ्यांना हसवलं होतं. अक्काही हसल्या होत्या, आणि मग हसणं खोकल्यात गेलं. एकदा सुरू झालेला खोकला आता भाकरी करपेपर्यंत थांबत नसे. तव्यावरची भाकरी उलटायला मी धावायचे. त्या डाव्या हाताने मला मागे सारायच्या.

मी जबरदस्ती करायला हवी होती. गुऱ्हाळवाल्यांना सांगता आलं असतं की आठ दिवस जाड भाकरी खा. मी सांगितलं नाही. गुऱ्हाळावर जेवण वाईट मिळालं की त्या घराला चार गावं नावं ठेवतात. मला ते नको होतं.

साहेब आले तेव्हा इंग्रजी वर्ष संपत आलं होतं. तरुण होते, सायकलला डबा बांधलेला. रबडीत त्यांनी निळा कागद बुडवला, तो लगेच लाल झाला. विचारलं, "काय घातलं होतं?"

मी सांगितलं.

त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "बाई, आत दोन जातींचे जंतू असतात. डोळ्यांना दिसत नाहीत. पहिली जात शेण खाते, गोड खाते, काहीही खाते आणि त्याचं आम्ल करते. शिरक्यासारखं आंबट. दुसरी जात ते आम्ल खाते आणि त्यातून पेटणारा वायू सोडते, मिथेन. दोघींनाही हवा नको. दुसऱ्या जातीला तर हवा लागली की खलास."

"आम्ही टाकी उचलली होती," मी म्हणाले.

"ते पण केलंत? बरं. तर पहिली जात अधाशी आणि भराभर वाढणारी. दुसरी सावकाश वाढते, नाजूक. रोजचं शेण असतं तोवर दोघींचा मेळ असतो. एकीने केलेलं आम्ल दुसरी तिथल्या तिथे संपवते. तुम्ही मळी घातलीत. पहिलीने दिवाळी केली. इतकं आम्ल झालं की दुसरीला आवरेना. आणि जास्त आम्लात दुसरी जगत नाही. ती मेली की आम्ल खाणारं कोणी नाही, म्हणून ते अजून वाढतं."

"पण आधी टाकी वर आली होती. चांगली हातभर."

"तो सोडावॉटरमधला वायू. त्याने आग विझते."

म्हणजे मी येणाऱ्या जाणाऱ्याला आग विझवणारा वायू दाखवत होते.

त्या दोन जातींचं मला लगेच कळलं. दळणारी बाई आणि थापणारी बाई. जातं कितीही जोरात फिरवा, थापणारे हात दोनच असतात. पीठ साचत जातं, आणि त्या पिठाखाली थापणारीच दबून गेली तर नुसतं दळण उरतं. मी हे साहेबांना बोलून दाखवलं नाही. चुलीच्या बाजूने खोकला ऐकू येत होता.

"आता उपाय?" यांनी विचारलं.

"काही घालू नका. उपाशी ठेवा. चुन्याची निवळी थोडी थोडी सोडा, रोज कागद बुडवून बघा, हे कागद ठेवून जातो. आणि ज्यांचा गॅस चांगला चालतो त्यांच्या खड्ड्यातली रबडी आणून घाला, जितकी मिळेल तितकी. दुसरी जात त्यातून येईल. पण थंडी आहे. महिना धरा."

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. अक्का दारात पाठमोऱ्या होत्या, हातात तवा. ऐकलं असणार. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, आणि "मी सांगितलं व्हतं" असं त्या मला शेवटपर्यंत म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

यवतच्या पुढे एका बागायतदाराकडे गॅस होता. बैलगाडीत दुधाची रिकामी कॅनं घालून मी आणि हे गेलो. त्यांच्या घरातली म्हातारी ओट्यावर बसली होती. "काय पायजे म्हनलीस?"

"खड्ड्यातली रबडी. आमचा खड्डा आंबलाय."

"विरजान मागायला आली म्हन की! शेनाचं विरजान!" ती इतकी हसली की तिची कवळी निसटली. पण कॅनं भरून दिली. वर बजावलं, "झाकन घट लाव. वारं लागू देऊ नगं." तिला हे कोणी शिकवलं होतं, देव जाणे.

सात कॅनं घातली. चुन्याची निवळी रोज तांब्या-तांब्याने सोडली. रोज कागद बुडवला. लाल. लाल. लाल. मग लालसर.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी अक्कांचे भाऊ आले, दरवर्षी यायचे तसे, तिळाचं गाठोडं घेऊन. अंगणात बैल सोडतानाच त्यांनी खोकला ऐकला. आत आले, बहिणीकडे बघत राहिले. अक्का उसाच्या चिपाडासारख्या झाल्या होत्या. मी रोज बघत होते म्हणून मला तितकं दिसलं नव्हतं.

"ह्यो काय हाल केला जिवाचा?" ते बहिणीला म्हणाले. आणि यांच्याकडे वळून, "दाजी, मी हिला नेतो."

"गॅस पेटला की थांबंल खोकला," अक्का म्हणाल्या. "आठ-पंधरा दिसाचा प्रश्न हाय."

"पेटला तर. न्हाई पेटला तर तुला खांद्यावर न्यायची का?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं, कारण तो माझ्या हातात होता. लालसर. मला "पेटेल" असं सांगता येईना. मी म्हणाले, "जाऊन या अक्का. विश्रांती मिळेल. पेटला की मी स्वतः आणायला येते."

त्यांनी काठवट धुऊन पालथी घातली. तवा भिंतीला उभा केला. एरवी त्या रात्रीचं भिजवणं, झाकणं असलं काही ना काही मला बजावून जायच्या. त्या दिवशी काही बजावलं नाही. संक्रांतीला सकाळी गाडीत बसून गेल्या.

गुऱ्हाळ जानेवारी सरताना आटोपलं. शेवटच्या दिवसांत माझ्या भाकऱ्या मामाने न बोलता खाल्ल्या. त्यानंतर चार-पाच दिवसांनी कागद निळा राहिला. टाकी बोटभर उचलली. मी लगेच काडी लावली नाही, दोन दिवस थांबले. तिसऱ्या दिवशी लावली. सूं आवाज झाला आणि ज्योत बसली, निळी, शेगडीला चिकटून. मी तिच्यावर चहाचं आधण ठेवलं, उकळेपर्यंत बसले, मग विझवली आणि यांना म्हणाले, "उद्या इनामगावला जाते."

पहाटे निघाले, दोन गाड्या बदलल्या, उरलेलं चालले. अक्का भावाच्या ओट्यावर बसून डाळीतले खडे काढत होत्या. भावजय आत चुलीपुढे. तिथेही धूर होताच, दारातून वाहून तो ओट्यावर येत होता.

अक्कांनी मला पाहून पहिला प्रश्न विचारला, "निळी का पिवळी?"

"निळी. चला घरी."

त्यांनी डाळीतला एक खडा काढून टाकला. "उंबऱ्यापासनं गोठ्यापतुर जाताना दोनदा बसावं लागतं मला," त्या म्हणाल्या. मध्ये थांबून, श्वास गोळा करून बोलत होत्या. "भाकरी नुसत्या हातानं व्हत न्हाई गं. दम लागतो. ज्योत निळी आसूदे न्हाईतर पिवळी."

"भाकरी मी थापते. तुम्ही बसा."

"तुज्या घरात मी काय म्हनून बसू?"

"तुमचं घर आहे अक्का."

"हे कवा ठरलं?" त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता. खरोखर विचारल्यासारखं विचारलं.

आतून भावजय म्हणाली, "न्या की वो. आमी काय धरून ठेवलंय व्हय?" अक्कांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "हितं मी लेक हाय," त्या हळू म्हणाल्या. "बसायचंच हाय तर लेक बसलेली बरी. जा तू. गाडी चुकंल."

मी आणखी दोनदा म्हणून पाहिलं. मग उठले. अक्कांनी माझ्या पदरात दोन मुठी शेंगा घातल्या. भाऊ वेशीपर्यंत पोचवायला आले. दिवेलागणीला मी घरी पोचले. यांनी माझ्यामागे कोणी आहे का ते बघितलं आणि कंदील खुंटीला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेण कालवलं. पाच पाट्या शेण, तेवढंच पाणी. गुठळ्या फोडल्या, कचरा वेचला, खड्ड्यात सोडलं. हात धुऊन भिंतीचा तवा घेतला, काठवट सरळ केली आणि शेगडी पेटवली. पहिली भाकरी फुगली नाही. ती गाईला घातली आणि दुसरी थापायला घेतली.